उद्या उमलणारी कळी

चहा घ्या, पण आधी माझी फजिती ऐका. बी.एस्सी.च्या पोरांले मी वनस्पतिशास्त्र शिकवतो ना, तर मिरचीच्या फुलात हातानं परागीकरण कसं करतात ते दाखवत होतो. आधी विचारलं, "हे कोणी वाचून आलं?" पुढच्या बाकावरचे दोन हात वर. मी चिमट्यानं पुंकेसर काढायले लागलो.

तेवढ्यात मागून बीबी गावची सविता उठली. वर्षभर तोंड न उघडलेली पोरगी. म्हणे, "सर, ते फूल उमलून गेलं. पराग कवाच पडला त्याच्यात. उद्या उमलणारी कळी घ्या लागते."

मी चिमटाच तिच्या हाती दिला. मले एक कळी साधायले लागते तेवढ्या वेळात तिनं दहा केल्या, अन् एकीच्याही स्त्रीकेसराले धक्का नाही. काय हात हो पोरीचा!

"कुठं शिकली गं?"

"शेडनेटमध्ये, सर. सुट्टीत बियाण्याच्या प्लॉटवर आम्ही मायलेकी हेच करतो."

"मंग मघाशी हात काऊन नाही वर केला?"

"तुम्ही वाचलं कोणी, हे इचारलं, सर. केलं कोणी, हे कुठं इचारलं?"

मी तिथंच विचारलं. मागच्या बाकांवरून अकरा हात वर आले.