तिसऱ्या वाचनाची शांतता

मंडळी, आख्यानाला हात घालण्याआधी एक विचारते. सभा भरली आहे. ठराव वाचला गेला. कुणी 'हो' म्हणालं नाही, कुणी 'नाही' म्हणालं नाही. मग जे गप्प बसले त्यांचं मत कुठे गेलं? कुणाच्या पदरात पडलं?

माना हलवू नका. उत्तर द्या.

बघा, आत्ताही कुणी बोललं नाही. पेटीवाले काका तर सूर सोडून पंख्याकडे बघायला लागले. असू द्या काका, तुम्ही स्वर धरा. उत्तर गोष्टीलाच देऊ द्या.

तर ऐका. डोंगरात बारा गावांचा एक गण होता. गण म्हणजे राजा नसलेलं राज्य. प्रत्येक गावाचा एक सभासद, असे बारा जण एका दगडी मंडपात बसायचे. सिंहासन नव्हतं. बारा घोंगड्या अंथरलेल्या, एकेका गावाची एकेक. बाराव्या घोंगडीवर बसायचा नंदिल, उंबरघाट गावचा. उंबरघाट अगदी घाटमाथ्यावर. तिथून खाली उतरलं की अकरा गावं, आणि पलीकडे उतरलं की पठारावरचा राजा.

त्या राजाला घाट हवा होता. त्या बारांतलाच एक, गणाचा मुख्य सिंहदत्त, बोलणी करायला पठारावर गेला. वीस दिवस राहिला आणि तह घेऊन आला. राजा अकरा गावांवर कधीही चालून येणार नाही. बदल्यात उंबरघाट राजाचं. तिथल्या लोकांनी घरं सोडून खाली यावं.

पण सिंहदत्ताची सही पुरत नव्हती. तह करणारा एक, मान्य करणारे दुसरे, असा गणाचा नियम. आणि हे काही जुन्या काळातलंच नाही. आजही असे देश आहेत, जिथे राष्ट्राध्यक्ष सही करून येतो आणि वरिष्ठ सभागृहाने दोन तृतीयांश मतांनी मान्यता दिल्याशिवाय ती सही नुसती शाई असते. का बरं असं? कारण सही करणारा एकटा असतो. समोरच्याच्या घरी राहिलेला, त्याचं पक्वान्न जेवलेला. मुलीची बैठक ठरवायला एकट्या मामाला पाठवतो का आपण? पाठवलं, तर परत आल्यावर घरात काय होतं, ते मी सांगायला नको.

गणाची मान्यता कशी, तर तह तीनदा मोठ्याने वाचायचा. प्रत्येक वाचनानंतर वाचकाने म्हणायचं, 'ज्याला मान्य नाही त्याने बोलावं. ज्याला मान्य आहे त्याने गप्प राहावं.' तीनदा शांतता, की तह पक्का. मध्ये कुणी बोललं, तर मात्र सभेने नव्याने ठरवायचं.

आता अडचण ऐका. नंदिल वारला होता. त्याला अकरा दिवस झाले होते. सभासद गेला तर त्याची घोंगडी लगेच उचलत नसत. सुतक फिटल्यावर घरच्यांनी यायचं, घोंगडी घडी करून न्यायची. मग गावाने नवा माणूस पाठवायचा. तोवर जागा भरलेली धरायची. मेलेल्याचा मान म्हणून काढलेली रीत. चांगलीच होती. पण तेवढ्या दिवसांत कधी तह वाचला गेला नव्हता. आणि आता वाचला जात होता. म्हणजे गाव जायचं होतं उंबरघाटचं, आणि उंबरघाटची घोंगडी गप्प होती. गप्प, म्हणजे मान्य.

नंदिलची मुलगी सोमिला नेमकी त्या सकाळी घोंगडी न्यायला आली. तिला कशाचाच पत्ता नाही. दारावरचा माणूस म्हणाला, "बाई, वाचन चाललंय. दुसरं झालं. तिसरं झालं की आत जा."

"कसलं वाचन?"

"तहाचं. आता होईलच."

ती दाराशी उभी राहिली. आत देवल वाचक, म्हातारा, सावकाश वाचत होता. वाचता वाचता उंबरघाटचं नाव आलं.

माझे वडील हेच आख्यान सांगायचे. इथे ते भरभर पुढे जायचे. मला इथे थांबावं लागतं. दाराशी उभी असलेली ती, आणि आत बापाची रिकामी जागा, जी 'हो' म्हणते असं सगळे धरून चालले आहेत.

देवल म्हणाला, "ज्याला मान्य नाही त्याने बोलावं."

अकरा जण खाली बघत होते. सोमिला आत गेली, घोंगडीशी आली आणि घडी करण्याऐवजी तिच्यावर बसली.

"मला मान्य नाही," ती म्हणाली.

सिंहदत्त म्हणाला, "मुली, तुझं दुःख समजतं. पण तू सभासद नाहीस. तुला इथे बोलता येत नाही."

"माझे वडील सभासद आहेत का?"

"ते गेले."

"मग त्यांचं गप्प बसणं कसं चालतं?"

सिंहदत्ताने देवलकडे पाहिलं. म्हातारा नियमाला चिकटलेला. आयुष्यभर सगळे त्याला कंटाळलेले. त्याने घसा साफ केला. "घोंगडी उचलेपर्यंत जागा उंबरघाटची. तिची शांतता आपण धरणार होतो. आता आवाज आला आहे. तोही धरावा लागेल."

आता सिंहदत्ताला खलनायक करू नका हं. तो उठला, शांतपणे म्हणाला, "एका गावाच्या बदल्यात अकरा गावं वाचतात. मी पठारावर त्यांची फौज बघून आलोय. तू नाही बघितलीस. सांग, मी चुकलो का?"

सोमिला म्हणाली, "मला माहीत नाही. कदाचित नसालही चुकला. पण गावी जाऊन मला सांगावं लागेल की आपलं गाव दिलं. कुणी दिलं, विचारतील. 'कुणीच काही बोललं नाही' असं सांगू? एकेकाने तोंडाने सांगा. द्यावं, की न द्यावं."

सिंहदत्त म्हणाला, "द्यावं." माणूस सरळ होता. पुढच्या तिघांनी त्याच्या मागून तेच म्हटलं, पण प्रत्येकाचा आवाज आधीच्यापेक्षा बारीक. मग पाळी आली यशोमित्राची.

"तुझ्या लग्नाला मी आलो होतो, सोमिले."

"हो काका. तुम्ही तीनदा श्रीखंड वाढून घेतलंत. द्यावं, की न द्यावं?"

यशोमित्र म्हणाला, "हे असं तोंडाने म्हणायचं असेल, तर मला नाही जमणार. न द्यावं."

उरलेल्या सहाही जणांनी तेच म्हटलं. जे घटकाभरापूर्वी तह पक्का करत होते तेच, तिथेच बसलेले. मतं बदलली का? मला नाही वाटत. मतं होतीच. ती कुणी विचारली नव्हती.

बाहेर उन्हात राजाचा दूत बसला होता. त्याने विचारलं, "म्हणजे लढाई?"

सिंहदत्त म्हणाला, "म्हणजे एवढं एक कलम मान्य नाही. बाकीचा तह मान्य आहे. राजाला विचारा." आणि सभासदांकडे वळून म्हणाला, "चला. घाट चढायचाय."

"आत्ता?" यशोमित्राने विचारलं.

"मग 'नाही' म्हणून घरी जेवायला जायचं होतं का? मी 'द्या' म्हणालो होतो. सभा 'नको' म्हणाली. आता उंबरघाट बाराही गावांचं."

त्याच दुपारी ते चढले. मागून बाराही गावांची माणसं आली. राजा आला, मंडळी. दोन उन्हाळे लढाई झाली. दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर राजाने ते कलम खोडलं आणि उरलेल्या तहावर सही केली. यशोमित्र परत आला नाही. निरोप घेऊन त्याच्या घरी सोमिला गेली. ती तिथे काय बोलली, ते मला माहीत नाही, आणि माझ्या वडिलांनीही कधी सांगितलं नाही. बोलायची किंमत असते, ती लपवून मी तुम्हाला ही गोष्ट सांगणार नाही.

आता तुमच्याकडे येते. संध्याकाळी देवळात शिरताना मी दारावरचं पत्रक वाचलं. येत्या रविवारी याच मंडपात देवस्थान समितीची सभा आहे. विषय क्रमांक चार, प्रवेशद्वारापाशी फुलं विकणाऱ्या तिघी बायकांना तिथून हलवणे. हा गळ्यातला हार त्यांच्यातल्या द्वारकाबाईंकडून घेतलाय. 'तुमची जागा जाणार का हो?' विचारलं, तर त्या म्हणाल्या, 'कुठली जागा?' त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. आणि पत्रकावर विषयाच्या पुढे आधीच छापून ठेवलंय, 'सर्वानुमते मंजूर'.

समितीचं बरोबर असेल. रस्ता अरुंद आहे, गर्दी होते, मलाही दिसलं. मी बाहेरची, उद्या सकाळच्या एसटीने जाणार. पण रविवारी चौथा विषय वाचला जाईल तेव्हा तुम्ही इथे असाल, चहाचे कप हातात घेऊन. द्या म्हणा, नका म्हणा. जे म्हणाल ते द्वारकाबाईंच्या समोर म्हणा, त्यांना आत बोलावून बसवा आणि मग म्हणा.

आता देवाचं नाव घेऊ. मागच्या खांबापाशी बसलेल्यांचा आवाज मघापासून एकदाही आलेला नाही. सुरुवात तिथून होऊ दे.