दोन कुलपांचं शटर

वडील : तू जन्मलीस त्या वर्षी बसवलंय हे शटर. आणि आज कुलूप कापायला निघालीस?

मुलगी : एकच कापतेय बाबा, उजवीकडचं. काका असते तर ही वेळ आली नसती.

वडील : त्याची किल्ली त्याच्या मुलाकडे आहे. येईल तो.

मुलगी : कसला येतोय! त्याला हिस्सा विकायचाय. काल फोनवर म्हणाला, बिजागऱ्या करण्यात जन्म घालवायची हौस नाही. दुपारी माल न्यायला गाडी येणार आणि आपली माणसं अजून रस्त्यावर.

वडील : थांब जरा.

मुलगी : किती थांबू? दोन भाऊ, दोन कुलपं. कुणाच्या डोक्यातून निघालं हे?

वडील : आमच्या वडिलांच्या. म्हणाले, भांडा हवं तेवढं, पण सकाळी एकमेकांचं तोंड बघा.

मुलगी : नुसतं तोंडच बघितलंत. पॉलिशच्या मशीनवरून अबोला धरलात तो धरलातच. समोरासमोर टेबलं, आणि निरोप्या मी!

वडील : शटरपाशी बोलायचो. दोनच शब्द. ‘धाकट्या, उचल.’

मुलगी : तो उचलायचा?

वडील : न उचलून सांगतो कुणाला? तो बघ, आला तुझा भाऊ.

पुतण्या : ताई, हातात कटर? लोक चोर म्हणतील.

मुलगी : घरचीच चोरी आहे. किल्ली आण.

पुतण्या : घे, कायमची ठेव. रोज तूच उघड दोन्ही. मी सुटलो.

मुलगी : एकटीनं? एका बाजूनं उचललं की तिरकं होऊन अडकतं हे.

पुतण्या : मग मोटर बसव.

मुलगी : कुणासाठी? तुझा हिस्सा घेणारा इथे गोदाम करणार. मी काय, त्याच्या दारात बिजागऱ्या विकत बसू?

पुतण्या : आजच्यापुरता हात लावतो. उद्याचं विचारू नकोस.

मुलगी : विचारतंय कोण? किल्ली तुझ्याच खिशात राहू दे.

वडील : झाली भाषणं? कुलपं काढलीत ना? चल. धाकट्या, उचल.



पुतण्या : मोठे काका... मी आहे.

वडील : माहीत आहे रे. धाकटा मंगळवारी गेला.