चिमणीच्या वाट्याचा उपास

सुज्ञ वाचकहो,

पुढे जे संभाषण सादर होत आहे ते एका इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावरील बालरुग्णांच्या दालनात, सकाळी पावणेसात ते साडेसात या अवधीत घडले. सात महिन्यांच्या एका बालिकेच्या हृदयास जन्मतः छिद्र होते, व त्याच दिवशी आठ वाजता तिची मोठी शस्त्रक्रिया व्हावयाची होती. बोलणारी माणसे तीन आहेत. एक बालिकेचा पिता, जो धंद्याने रंगारी आहे. दुसरी त्याची आई, म्हणजे बालिकेची आजी. आणि तिसरी त्या दालनाची सिस्टर. बालिकेची माता चार रात्रींच्या जागरणाने थकून शेजारच्या खाटेवर निद्रिस्त होती, म्हणून हे सर्व बोलणे हलक्या आवाजात झाले. वाचकांनीही कृपा करून ते तसेच वाचावे.

रंगारी : आणि भिंत पाण्यासारखी हलत होती, आई. मी डोळे मिटलेले नव्हते.

आजी : मिटले होतेस. घोरत होतास.

रंगारी : घोरणाऱ्याला भिंत दिसते का?

आजी : तुझे वडील घोरता घोरता तीन गावं फिरून यायचे. बरं, हलत होती. पुढे?

रंगारी : ही भिंत मीच रंगवलेली आहे. तीन वर्षं झाली. या पांढऱ्याच्या खाली फिका हिरवा आहे, त्याच्याही खाली पिवळा. ते सगळं आरपार दिसायला लागलं, विहिरीत वाकून पाहावं तसं. आणि अगदी तळाशी आपली चिमणी निजलेली. शांत. दचकून उठलो, तर ती खरोखरच तशी निजलेली होती.

आजी : निजू दे की मग. दृष्ट लावू नकोस.

रंगारी : तुला यातलं नवल कळत नाही, आई. चार वाजल्यापासून तिच्या पोटात थेंब नाही. एरवी दोन तास झाले की आकांत मांडते, ओठ निळे पडतात. काल सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, पहाटेची वेळ फार जड जाईल, भुकेने रडेल, मनाची तयारी ठेवा. मी तयारी ठेवून बसलो. आणि ही बघ. गालाखाली हात घेऊन, राणीसरकार!

आजी : गुणाचं आहे माझं पाखरू.

रंगारी : मला तुला एक सांगायचं आहे. हसू नकोस.

आजी : हसण्यासारखं अजून काही बोलला नाहीस.

रंगारी : दुसऱ्यांदा तारीख पुढे गेली ना, त्या दिवसापासून मी प्रार्थना सोडली होती. तुम्ही दोघी डोळे मिटायच्या, तेव्हा मीही मिटायचो. पण आत काही नसायचं. उद्याच्या रंगात पाणी किती घालायचं, एवढंच.

आजी : ठाऊक आहे.

रंगारी : तुला ठाऊक आहे?

आजी : देवाशी बोलणारा माणूस मध्येच "अर्धी बादली" म्हणत नाही, राजा.

रंगारी : आणि तू काही बोलली नाहीस?

आजी : काय बोलायचं? डोळे तरी मिटत होतास. म्हटलं, दार लोटलेलं आहे, कडी घातलेली नाही.

रंगारी : मग ऐक. आज पहाटे या खुर्चीत बसून तिच्याकडे बघता बघता वाटलं, हा निरोप आहे. खास माझ्यासाठी धाडलेला. उपाशी लेकराला त्याने असं निजवलं आणि मला सांगितलं, की बाबा रे, मी इथेच आहे. आई, चार महिन्यांत पहिल्यांदा माझे हात आपोआप जोडले गेले. भिंती, खाटा, तो सलाईनचा खांब, सगळं कसं हलकं झालं. कापसाचं असावं तसं.

आजी : मग बरं झालं. त्याचीच कृपा. पण माझाही थोडा हातभार आहे त्यात, तो विसरू नकोस.

रंगारी : तुझा? कसला?

आजी : तिच्या वाट्याचा उपास मी घेतलाय. काल दिवेलागणीपासून पाण्याचा घोटसुद्धा नाही.

रंगारी : तिच्या वाट्याचा म्हणजे?

आजी : म्हणजे काय म्हणजे? एवढं मोठं काम निघालंय, देवापुढे कुणी तरी उपाशी राहायलाच हवं. पण सात महिन्यांच्या जिवाला कसला रे उपास? आपल्या घरात लेकरांनी कधी केलाय? तू पाच वर्षांचा असताना तापाने फणफणलास, तेव्हा तुझा उपास माझ्या सासूबाईंनी धरला. तुझ्या वडिलांच्या पायाचं झालं, तेव्हा मी धरला. घरात जो धडधाकट, त्याने उपाशी राहायचं. दुखणाऱ्याने खायचं, म्हणजे त्याच्या अंगात बळ राहतं. ही आपली रीतच आहे.

रंगारी : आई, तू तिला काय दिलंस?

आजी : हळू बोल. सूनबाई उठेल.

रंगारी : काय दिलंस?

आजी : विष नाही दिलं. तिच्या आईचंच दूध. ओढून दमते म्हणून सूनबाई वाटीत काढून ठेवते ना, त्यातलं. सहाच्या सुमाराला. तू घोरत होतास, सूनबाईला शुद्ध नव्हती, आणि ही ओठ हलवायला लागली. मी कधी मनाने काही करत नाही रे. मला सांगणं झालं.

रंगारी : कुणाचं सांगणं?

आजी : स्वप्नात. मी एक मोठं पांढरं अंगण झाडत होते. धूळ नव्हतीच, तरी झाडत होते. एवढं मोठं, की कडेला आभाळच लागलेलं. आणि मधोमध चिमणी बसलेली, मला बघून तोंड उघडून. पाठीमागून कुणी तरी म्हणालं, "आता दे." इतका मायेचा आवाज होता. उठले आणि दिलं.

रंगारी : किती?

आजी : अर्धी वाटी. चमच्या चमच्याने. ढेकरही काढला खांद्यावर घेऊन.

रंगारी : अगं, तो उपास देवासाठी नव्हता.

आजी : मग कुणासाठी?

रंगारी : भूल देतात त्यासाठी. भूल दिली की माणूस साधं झोपत नाही, त्याच्या घशातली राखणसुद्धा झोपते. पोटातलं दूध वर येतं आणि श्वासाच्या नळीत उतरतं. मोठा माणूससुद्धा गुदमरतो त्याने. म्हणून पोट रिकामं हवं. तिचंच. तुझं रिकामं असून काय उपयोग!



आजी : मला हे कुणी सांगितलं नाही.

रंगारी : सिस्टरनी सांगितलं होतं. चार वाजल्यानंतर तोंडात काही द्यायचं नाही. तू मान हलवलीस.

आजी : "देऊ नका" म्हणाल्या. का देऊ नका, ते नाही सांगितलं. मला वाटलं, मोठ्या कामाआधी उपाशी राहतात ते एकाच कारणाने. दुसरं कारण असतं हे मला कुठून कळणार?

रंगारी : माझंच चुकलं. मी तुला बसवून समजावायला हवं होतं. आई, वाटी कुठे आहे?

आजी : धुऊन पालथी घातलीय.

रंगारी : छान. मग ती तशीच राहू दे. कुणाला काही बोलू नकोस.

आजी : काय म्हणतोस?

रंगारी : नीट ऐक. पहिली तारीख तिच्या सर्दीने गेली. दुसरी, मोठे डॉक्टर परगावी गेले म्हणून गेली. आता ही गेली तर पुढची दोन महिन्यांनी. आणि डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंस, दोन महिने हे काळीज तग धरणार नाही. अर्धी वाटी दूध, आई. आईचं दूध, पाण्यासारखं पातळ. आठपर्यंत जिरून जाईल.

आजी : जिरेल?

रंगारी : जिरेल.

आजी : आणि न जिरलं तर?

रंगारी : तूच तर म्हणतेस, तो सगळं बघतो. मग तो सांभाळून घेईल. मघाशीच मी हात जोडले ना? इतक्या दिवसांनी जोडले. एवढं तर तो माझ्यासाठी करेल!

आजी : इकडे बघ माझ्याकडे. असा जमिनीकडे बघू नकोस. भिंत ओली असली आणि गिऱ्हाईक घाईला आलं, तर तू रंग मारतोस का?

रंगारी : नाही.

आजी : का?

रंगारी : पोपडे धरतात.

आजी : मग तेव्हा नाही वाटत तुला, की देव सांभाळून घेईल?

रंगारी : भिंत निराळी, आई. ती आठ दिवस थांबते.

आजी : तो सगळं जाणतो हे खरं. पण भुलीची सुई काही तो येऊन टोचणार नाही. जी टोचणार आहे, तिला ठाऊक असायला नको? आतापर्यंत मी चुकले ते अडाणीपणाने चुकले. आता गप्प बसले तर ते जाणूनबुजून होईल. त्याच्यासाठी कुणाच्या नावाने उपास धरू?

रंगारी : तारीख गेली तर?

आजी : तर मी त्या मोठ्या डॉक्टरच्या दारात जाऊन बसेन. म्हातारी दारात बसली की लोकांना फार लाज वाटते. पण आधी हे सांगायचं.

रंगारी : मग मी सांगतो. तुला बोलतील.

आजी : बोलू देत. वाटी मी भरवली, बोलणीही मीच खाईन. सिस्टर! ओ पोरी, जरा इकडे येतेस?

सिस्टर : आलेच. काय, उठली का परी? अरे वा, झोपलीय अजून. साडेसातला न्यायला येतील. अंगावरचा दोरा, काजळ, काही नाही ना?

आजी : काही नाही. पण पोटात आहे.

सिस्टर : काय आहे?

आजी : दूध. मी पाजलं. सहा वाजता, अर्धी वाटी, तिच्या आईचं. हा झोपला होता, सूनबाई झोपली होती. दोघांना काही ठाऊक नव्हतं. मी एकटीने केलं.

सिस्टर : आजी! काय केलंत हे!

आजी : हो.

सिस्टर : मी काल दोनदा सांगितलं होतं!

आजी : दोनदा सांगितलंस. मी दोनदा ऐकलं आणि माझ्याच मनासारखं समजले.

सिस्टर : बरोबर सहा? नक्की? पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे?

आजी : खाली दूधवाल्याची गाडी आली होती.

रंगारी : ती सहालाच येते, सिस्टर. मी इथे रंगकामाला होतो तेव्हापासून.

सिस्टर : फक्त आईचं दूध? साखर, मध, औषध, दुसरं काही?

आजी : शपथेवर सांगते, दुसरं काही नाही.

सिस्टर : थांबा इथेच. डॉक्टरांना फोन करते. आणि हो, कुणी हलू नका, कुणी काही भरवू नका.

रंगारी : गेली, आई. तारीख गेली.

आजी : अजून फोन लागायचाय.

रंगारी : मघाशी मला वाटलं होतं, देव माझ्याशी बोलला. आणि ती होती अर्धी वाटी दूध.

आजी : मग दुधातून बोलला असेल. त्याला काय कमी वाटा आहेत?

रंगारी : हसवू नकोस.

आजी : हसत नाहीये रे. मलाही आता कळेनासं झालंय. अंगणातला तो आवाज कुणाचा होता? माझ्याच जिवाचा असेल. नातीची भूक बघवत नाही, तर जीव देवाचा आवाज काढून बोलतो. सत्तर वर्षं मला वाटत होतं, त्याचा आवाज मी ओळखते.

रंगारी : रडू नकोस, आई.

आजी : हात दे जरा. गार पडलेत माझे.

रंगारी : चार घास खाऊन घे तू आता. तुझं पोट रिकामं ठेवून कुणाचंच भलं होणार नाही.

आजी : खाईन. आधी त्या पोरीला येऊ दे. आली बघ.

सिस्टर : ऐका. डॉक्टर चिडले, खोटं कशाला सांगू? पण म्हणाले, बरं झालं बोलले, टेबलावर कळलं असतं तर हातात काही राहिलं नसतं. तारीख जात नाहीये.

रंगारी : जात नाहीये?

सिस्टर : नंबर बदललाय. पलीकडच्या पडद्यातलं बाळ दुपारी घ्यायचं होतं. ते तीन दिवस सलाईनवरच आहे, पोट रिकामं आहे. ते आता आठला जाईल, आणि तुमची परी त्याच्यानंतर, एकच्या सुमाराला. नऊला दोन चमचे साखरपाणी, ते मी देणार. आजी, तुम्ही नाही.

आजी : मी वाटीला हातसुद्धा लावणार नाही, बाई.

सिस्टर : आणि रडली तर रडू द्या. कडेवर घेऊन फिरा. ओठ निळे दिसले की मला हाक मारा. बाळाच्या आईला उठवू नका, साडेआठपर्यंत झोपू दे. कुणी सांगायचं तिला ते ठरवून ठेवा.

आजी : ती उठली की मीच सांगेन. पोरी, ते पलीकडचं बाळ, त्याच्या आईबापाची तयारी झालीय का? त्यांना दुपार सांगितली होती. आमच्यामुळे...

सिस्टर : आत्ताच सांगून आले. आई बसूनच राहिली एकदम. बाप पडदा धरून उभा आहे. दोघंच आहेत ती, बरोबर कुणी नाही. चला, मला त्यांची तयारी करायचीय.

रंगारी : आई, चाकांचा आवाज येतोय. त्यांची गाडी आणली वाटतं.

आजी : हं.

रंगारी : आपल्या जागी ते बाळ चाललंय.

आजी : आपल्या जागी नाही. आपल्या आधी.

रंगारी : मी जाऊन उभा राहू का त्या बापापाशी? बोलायला मला काही सुचणार नाही.

आजी : बोलू नकोस. नुसता उभा राहा. पण जायच्या आधी जरा बस इथे. हात जोड.

रंगारी : आता कशाला? आता मला कुठला निरोप आलाय?

आजी : निरोप येवो न येवो, आपण आपला धाडायचा.

रंगारी : सुरुवात कशी करायची? मी विसरलोय.

आजी : नाव घेऊन.

रंगारी : कुणाचं? त्या बाळाचं नाव आपल्याला ठाऊक नाही.

आजी : पलीकडच्या पडद्यातलं म्हण. कळतं त्याला.

रंगारी : पलीकडच्या पडद्यातलं बाळ...

आजी : हं.

रंगारी : ...सुखरूप परत येऊ दे. पुढे?

आजी : पुढे आपलं.

येथे संभाषण समाप्त होते. हे लिहून आपल्यापर्यंत पोहोचविण्यास विलंब झाला, त्याबद्दल क्षमा असावी. यातील तीन पाने लेखकास दुसऱ्यांदा लिहावी लागली, कारण पहिली तीन फाडण्यात आली. फाडणारीचे वय आता दोन वर्षे आहे. ज्या वाचकांनी हलक्या आवाजात येथवर सोबत केली, त्या सर्वांचे अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
रंगारी