सुटलेली तार आणि हिरवी चिठ्ठी

जबाब देणार: रुग्णालयातील यंत्र तंत्रज्ञ, स्त्री, वय २६, राहणार कर्मचारी निवास, खोली १४. आज आठ तारखेस चौकशी समितीसमोर समक्ष हजर राहून सांगते की,

१. चार तारखेला सकाळी ११.४० वाजता मी नवजात कक्षातील तीन नंबरचे ऊब देणारे यंत्र, ते रिकामे असताना, तपासले. बाळाच्या पोटाला चिकटवलेली तार त्याचे तापमान यंत्राला कळवते. बाळ गार पडले की यंत्र आपोआप ऊब वाढवते, तापले की कमी करते.

२. तपासणीपुरता मी यंत्राचा धोक्याची सूचना देणारा भोंगा बंद केला. तो पुन्हा चालू केला नाही.

३. 'तपासले' ही हिरवी चिठ्ठी मी काम सुरू करतानाच लावते, मागून विसरायला नको म्हणून.

४. बारा वाजता त्यात बाळ ठेवले. २.१० ला तार सुटून चादरीवर पडली. चादरीचे तापमान बाळाचे समजून यंत्र ऊब वाढवत गेले. भोंगा वाजला नाही. २.३५ ला सिस्टरांनी बाळाच्या अंगाला हात लावून पाहिला. ताप १०३ होता.

बाळ आता बरे आहे, दूध पिते. मी रोज दोनदा काचेबाहेरून पाहून येते.

कटकट नको म्हणून सिस्टरांनीच भोंगा बंद केला, अशी बाळाच्या वडिलांची तक्रार आहे. सिस्टरांनी ते कबूल केल्याचे मला आज इथे कळले. ते खरे नाही. त्या पाच पावलांवर दुसऱ्या बाळाला नळीने दूध देत होत्या, आणि यंत्रावर चिठ्ठी होती.

सिस्टर माझी थोरली बहीण आहे. त्या संध्याकाळी जिन्यात ती म्हणाली, "तुझ्या नोकरीला अजून दातही फुटले नाहीत. तू गप्प बस. मला सोळा वर्षं बोलणी खायची सवय आहे."

मी चार दिवस गप्प बसले.

मी बहिणीला पाठीशी घालते आहे असे वाटू शकते. म्हणून माझा शब्द धरू नये, यंत्रातील नोंदी पाहाव्यात. भोंगा किती वाजता आणि कोणाच्या संकेतांकाने बंद झाला, ते त्यात आहे. संकेतांक माझा आहे. यंत्र आपण चार तारखेला सायंकाळी पाच वाजता प्लग काढून सीलबंद केले. विजेविना नोंदी सात दिवस टिकतात, मग पुसल्या जातात. त्या तिऱ्हाइताकडून उतरवून घ्याव्यात, माझ्याकडून नव्हे.

जबाब मला वाचून दाखवला. 'नजरचुकीने' हा शब्द लेखनिकांनी आपणहून घातला होता, तो मी काढायला लावला. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.

नोंदी उतरवणार की नाही, याचे लेखी उत्तर दहा तारखेपर्यंत मिळावे.