घरात कोंबडी नाही

—नाही म्हणजे नाही, साहेब, किती वेळा सांगू? कामावर घेताना बजावलंत ना तुम्ही, कंपनीच्या कोंबड्यांच्या शेडवर काम करायचं तर घरी एकही कोंबडी पाळायची नाही, घरचा रोग अंगावरून शेडमध्ये जातो, मग परदेशातले लोक आपला माल उचलत नाहीत—बजावलंत, मी ऐकलं, विषय संपला. बसा की. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय. इकडे, सासूबाईंच्या खाटेवर. त्यांचं अर्धं अंग गेलंय, त्या काय म्हणणार?

पीस? कसलं पीस? उशीतलं असेल. काय, उशी कापसाची आहे? मग शेडवरून चिकटून आलं असेल—हो हो, आंघोळ घालून, कपडे बदलूनच घरी सोडता आम्हाला, गार पाण्यानं आंघोळ, तेही ठाऊक आहे. वाऱ्यानं आलं असेल मग. वारा काय तुमच्या पगारावर आहे?

मी म्हणते, एवढा देश जगाच्या बाजारात उतरायला निघालाय, आपली कोंबडी बर्फात बसून समुद्रापलीकडे जाते—मी मेली अजून तालुक्यापलीकडे गेले नाही—आणि या सगळ्याला अडवणार कोण, तर खाटेखालची एक म्हातारी कोंबडी? खाटेखालची म्हणजे—समजा हो. असती तर. वाकू नका, सासूबाई लाजतात.

बरं, असती तरी काय? अंडी द्यायचं तिनं केव्हाच सोडलंय. मी कापणारच होते, सुरीसुद्धा धुतली होती. तर ही खाटेवरची बाई—वर्षभर तोंडातून शब्द नाही, डॉक्टरनं हात टेकलेले—ही बाई म्हणते, ‘ये गं माझी सोनी.’ मी धावले. लग्न होऊन आल्यापासून अशी हाक कधी मिळाली नव्हती, म्हटलं, उशिरा का होईना, सुचलं. तर ते कोंबडीला! माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आता रोज बोलते. तिच्याशीच. मी इथं भांडी घासत असते आणि कान तिकडे—वाटतं, चुकून एखादा शब्द माझ्या वाटणीचा निघेल. मग कापू? तुम्ही कापली असती?

पगार गेला तर दोघींची चूल थंड, एवढं कळतं मला. म्हणून तर नाही म्हणतेय.

लिहा, लिहा. पण आधी बुटाकडे बघा. कोंबडी शिटलीय त्यावर, अजून ओलं आहे ना? ज्या घरात कोंबडी आहे तिथं जो बसला, त्यानं तीन दिवस शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही—शेडच्या भिंतीवर तुम्हीच लावलंय, एवढ्या मोठ्या अक्षरांत की चौथी शिकलेल्या बाईलाही वाचता यावं. आणि उद्या सकाळी परदेशी पाहुणे येणार, त्यांना शेड दाखवणार कोण? तुम्हीच ना? मोठ्या साहेबांना काय सांगाल मग, कुठं बसला होता?

तर आता तुम्हीच बोला, साहेब. या घरात कोंबडी आहे?

हं. मीही मघापासून तेच म्हणतेय.

बूट बाहेर नळावर घासा. आणि जाताना दार ओढून घ्या, नाहीतर ती पळते.