आईचा आठवडा

कोरिनच्या पत्राला वेन्डेलने तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. "बाबा, रिसॉर्टमधला तुमच्या मालकीचा वर्षातला तो आठवडा हयातीतच परत करा, नाहीतर त्याची दरवर्षीची फी तुमच्यामागे माझ्या गळ्यात पडेल." सोबत सही करून तिला परत पाठवायचा अर्ज आणि तिचा पत्ता लिहिलेलं पाकीट होतं. पण आठवडा त्याच्या दिवंगत बायकोने हौसेने घेतलेला.

ऑर्लँडोच्या टपाल कचेरीत त्याच्यापुढे दोघी अनोळखी बहिणी रांगेत होत्या.

"कर गं सही. वारसा नाकारायची मुदत आज संपते."

"रिसॉर्टमधला आईचा आठवडा आहे, ताई."

"मग जा की तू, दरवर्षी!"

"तिच्याशिवाय?"

"बघ."

"आईचं नको, असं लिहायला हात धजावत नाही गं."

"परत करायला तिचाही धजावला नाही. म्हणून तर आपल्यावर आलं."

"... कुठे करू सही?"

वेन्डेलने खिशातला चुरगळलेला अर्ज काढला, त्यावर छापलेल्या बायकोच्या नावाखाली आपली सही केली आणि कोरिनच्या पत्त्याच्या पाकिटात घालून पेटीत टाकला.