डझनातला एक कापायचा

माझा जन्म नायगावचा, बीडीडी चाळीतला, वडील गिरणीत साच्यावर कापड विणायचे आणि आम्ही पाच भावंडं एका खोलीत, म्हणजे अडचणीत कसं राहायचं हे मला कोणी शिकवायला नको, पण काय सांगू तुम्हाला, ती खोली मला कधी लहान वाटली नाय, हा गाळा वाटतो. सहा बाय पाच. खुर्चीवरून उठले की गुडघा काउंटरला आपटतो. लग्न होऊन लालबागला आले तेव्हा हे इथे बसायचे, गाडीचे पार्ट विकायचे, आणि मी फक्त डबा द्यायला यायचे. घरी मी शिवणाचा क्लास घ्यायचे, बारा मुली यायच्या, नुसता किलबिलाट असायचा.

मग ह्यांना झटका आला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. हॉस्पिटलातून घरी आल्यावर पहिलं काय बोलले असतील तर, दोन म्हयने गाळ्यावर बस गो, मी उठतंय. मी म्हटलं बसते की, दोन महिने काय. त्याला अकरा वर्षं झाली. आमची खोली ही समोरच्या चाळीत, दुसऱ्या माळ्यावर, गॅलरीत ह्यांची खाट टाकलीय, तिथून गाळा सरळ दिसतो. मी जरा पाय मोकळे करायला उठले की मोबाईल वाजलाच, खंय गेलंस? वर बघा जरा, बघताहेत ना आपल्याकडेच? हात करा त्यांना, बरं वाटतं.

हां, तुम्ही फिल्टरचं विचारत होतात. एट हंड्रेड आहे ना तुमची, जुनी? मग ऐका, जुनी गाडी म्हाताऱ्या माणसासारखी, तिला पथ्य लागतं. ऑइल फिल्टर घेताना वरचं खोकं बघून घेऊ नका, खोकं काय कोणीही छापतो. हातात घ्या, वजन लागलं पाहिजे. आटे हाताने फिरवून बघा, कुसळासारखं काही लागता कामा नये. मग ही गोल भोकं आहेत ना, त्यातून पेनाच्या रिफिलने दाबायचं, आत रबराची चकती असते, ती दबून परत वर आली पाहिजे. गाडी बंद केली की ती चकती तेल धरून ठेवते, ती नसली तर सगळं तेल खाली उतरतं आणि सकाळी स्टार्टर मारलात की इंजिन कोरडं खडखडतं. पण खरा माल असतो आतला कागद, आणि तो बाहेरून दिसत नाय. म्हणून सासऱ्यांपासूनचा आमचा नियम आहे, नवीन बॉक्स आला की बारातला एक कापायचा, मग अकरा विकायचे. बाजारात लोक हसतात आम्हाला. कापलेला पीस मी वर घेऊन जाते, हे डाव्या हाताने कागदाची एकेक घडी चाचपतात आणि मान हलवली की मगच विक्री. ह्यांचं सगळं आयुष्य आता त्या पाच बोटांत आहे, त्यामुळे मला रागावताही येत नाय.

तर माझी लेक नाशिकला दिली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण आमच्या खोलीत ह्यांची खाट, ह्यांचं सगळं अंथरुणात, तिला कुठे निजवू? ती म्हणाली, आई, मी येत नाय, तूच ये. वरळीहून माझी नणंद ह्यांच्याजवळ राहायला आली, मी दादरहून दुपारी दोनच्या बसचं तिकीट काढलं, आणि गाळा आठ दिवस बंद ठेवायचा ठरला. सासऱ्यांनी उघडल्यापासून इतके दिवस तो कधी बंद नव्हता. मला तर आदल्या दिवसापासून शाळेची सहल असल्यासारखं झालं होतं, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी सकाळी नवीन बॉक्स आला आणि त्याच्या मागोमाग गिरगावचे परांजपे काका आले. बँकेतून रिटायर झालेले, पंचाहत्तरी जवळ आलेली, पण गणपतीला दापोलीला स्वतः गाडी चालवत जाणार आणि जायच्या आधी फिल्टर स्वतःच्या हाताने बदलणार. तुमच्यासारखीच जुनी एट हंड्रेड. म्हणाले, वहिनी, उद्या पहाटे निघतोय, पटकन द्या. आणि मी दिला. न कापता दिला. डोक्यात बस होती.

साडेबाराला शटर ओढताना वाटलं, हे विचारतील, कापून ठेवावा एक. करवतीच्या ब्लेडने कापला. आत बघते तर कागद मूठभर, तोही पुठ्ठ्याला चिकटवलेला, आणि रबराची चकती नाहीच. काकांना फोन लावला, लागेना, ते फोन घरात ठेवून गाडीखाली शिरलेले असणार. उद्या घाट. मागे त्यांची नात बसणार. मी त्या शटरपाशी उभी होते, एका हातात नाशिकची पिशवी, एका हातात तो कापलेला डबा, आणि मनात म्हटलं, जा गं नाशिकला, कोणाला कळतंय? खरंच म्हटलं. मग शोकेसमध्ये आधीच्या बॉक्समधला एक पीस होता तो काढला आणि टॅक्सीला हात केला.

गिरगावात पोचले तर काका फिल्टर बसवून, आंघोळ करून जेवायला बसत होते. मी म्हटलं, काका, उठा, उघडा तो. ते म्हणाले, अहो वहिनी, ताजं तेल भरलंय! मी म्हटलं, माझी चूक आहे, उघडा. बिचारे लुंगीवर खाली आले, पातेलं लावलं, फिल्टर फिरवून काढला, आणि तो बसतो त्या जागेवरून मी बोट फिरवलं. तर तिथे गेल्या वर्षीच्या फिल्टरच्या तोंडाचं गोल रबर तसंच चिकटलेलं. काकांनी ते न काढता त्याच्यावरच नवीन चढवला होता, रबरावर रबर. म्हणजे माझा माल चांगला असता तरी ते घसरून घाटात सगळं तेल रस्त्यावर गेलं असतं. काकू मला मिठी मारून रडायला लागल्या, वहिनी, तुम्हाला देवानेच पाठवलं. मी हसले. पण मला विचाराल तर देवाला पाठवायला दुसरं कोणी मिळालं नाही का हो? एवढी मुंबई पडलीय, आणि त्याला नेमकी दोनची बस असलेली बाई दिसली.

बस गेली ती गेलीच, पुढचं तिकीट मिळालं ते दुसऱ्या दिवशीचं. संध्याकाळी जावयाचा फोन, मुलगी झाली. मागून लेकीचा आवाज आला, आई निघाली का? मी काय सांगणार, गिरगावात फिल्टर बदलत होते? वर गेले, ह्यांना सगळं सांगितलं, तर म्हणाले, जुना रबर काढलंस मां? काढलं म्हटलं, आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. दुसऱ्या दिवशी निघणार तर ह्यांना ताप भरला, नणंद घाबरली, मला एकटीला झेपणार नाही म्हणाली. माझी नात मी पाच महिन्यांची झाल्यावर बघितली, तीही ती लोकं इकडे आली तेव्हा.

आणि त्या परांजपे काकांनी काय करावं? जुन्या गाडीवाल्या सगळ्या दोस्तांना सांगितलं, फिल्टर घ्यायचा तर लालबागच्या वहिनींकडूनच. आता ठाण्याहून, पनवेलहून लोक येतात. तुम्हीही तसेच आलात ना? खोटं वागले असते तर सुटले असते, असं कधी कधी वाटतं मला. लेक म्हणते, गाळा द्या कोणालातरी आणि दोघं या नाशिकला. ह्यांच्यापाशी विषय काढला की तोंड फिरवतात. गाळो गेलो तर माझा काय रवला? गाळा गेल्यावर ह्यांचं काय उरतं, तुम्हीच सांगा.

आता लेकीला पुन्हा दिवस गेलेत. परवा फोनवर म्हणाली, आई, या खेपेला येशील ना? मी हो म्हटलं. ह्यांना सांगितलं तर ह्यांनी पहिल्यांदाच म्हटलं, जा गो. मी इतकी हरखले, म्हटलं माणूस बदलला. आणि कूस बदलून लगेच विचारतात, नवो बॉक्स कधी येतलो?

घ्या तुमचा फिल्टर, हा कापून बघितलेल्या बॉक्समधला आहे. रबराला तेलाचं बोट लावा, हाताने आवळा, पाना लावू नका. आणि गाडी नीट झाली की लांब जा हो, गोव्याला जा, कुठेही जा, पोराबाळांना घेऊन जा. परत यायची घाई करू नका. मी आहे इथेच.